काचेची वीस मिनिटं

काच तडकली तेव्हा मृदुला उरकुडे ताशी ब्याऐंशीच्या वेगानं वरोऱ्याकडे चालली होती आणि तिच्या पुढं-मागं अर्धा किलोमीटर एकही गाडी नव्हती. सुपारी फुटावी तसा ‘टिक्’ आवाज आला. मग वायपरच्या बुडापासून एक रेघ निघाली, काचेवरून तिरकी वर चढली आणि गाडीच्या रस्ता बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या खाली येऊन थांबली. थांबली असं वाटतंय तोच आणखी चार बोटं पुढं सरकली.

“समोरचं दिसत नाही. गाडी थांबवत आहे,” असं सांगून गाडीनं स्वतःच वेग उतरवायला सुरुवात केली. मृदुलानं स्टीअरिंग डावीकडं वळवलं म्हणून ती निदान रस्त्याच्या कडेला तरी थांबली. कॅमेऱ्यासमोर तडा गेला की गाडीनं पुढं जायचं नाही, असा तीन वर्षांपूर्वीचा कायदा होता. माणसाला त्या काचेतून स्वच्छ दिसत असलं तरी!

बाहेर शेहेचाळीस अंश तापमान होतं. डिकीत तीन कृत्रिम पाय होते, आणि ते ज्यांना बसवायचे ती तीन माणसं वरोऱ्याच्या दवाखान्यात सकाळपासून बसून होती. मृदुला चंद्रपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात कृत्रिम हातपाय बनवायची. आठवड्यातले तीन दिवस ती तालुक्यांतून फिरे. त्यासाठीच तर तिनं ही नवी गाडी घेतली होती. मॉडेलचं नाव ‘निवांत’. बाहेर ट्रकचा कितीही गोंगाट असो, आत देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता. गाडी जेमतेम नऊ महिन्यांची होती आणि काच तडकायची ही दुसरी वेळ.

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथल्या माणसानं काच न बघताच सांगितलं, “दगड लागला असणार मॅडम. ट्रकच्या चाकातून उडतो. डोळ्याला दिसतसुद्धा नाही.”

“पुढं ट्रक नव्हता.”

“मग आधीचा लागलेला असेल.”

त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. गाडीच्या अहवालात दोनच शब्द होते, ‘बाह्य आघात’. दोन तासांत नवी काच बसली. जुनी त्यांनी आत नेली. मृदुला पुन्हा वरोऱ्याकडे निघाली, पण तिची नजर रस्त्यावर ठरेना. दर मिनिटाला ती वायपरच्या बुडाशी बघत होती. कुठं केसभर रेघ दिसली की ती सावली निघायची.

पाच आठवड्यांनी, मे महिन्यातल्या एका रविवारी, तिचा नवरा दिगंबर चार वाजता घरी आला तो बसस्टँडवरून पायी. गाडी टोचन करून मागून येत होती. दिगंबर कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा. एका रविवाराआड तो वरोऱ्याला बोधले नावाच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जाई.

“पुन्हा?” मृदुलानं विचारलं.

“पुन्हा. तीच जागा, तीच रेघ.”

“दगड?”

“नाही बुवा. मला तरी दिसला नाही.” मग चपला काढता काढता म्हणाला, “एसीचा काही परिणाम असेल. जाऊ दे.”

या वेळी मृदुलानं सर्व्हिस सेंटरला बजावलं, की नवी काच बसवा, पण जुनी मला परत हवी. त्यांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी तिनं ती गोधडीत गुंडाळून घरी आणली आणि दिवाणाखाली ठेवली.

“काय करणार तिचं?” दिगंबर म्हणाला. “लोणचं घालणार?”

तिलाही माहीत नव्हतं. पण तिला स्वस्थ बसवत नव्हतं, एवढं खरं.

*

त्याच आठवड्यात शेषराव ठेंगणे तिच्यासमोर माप द्यायला बसला. वय पन्नासच्या आतबाहेर, टॅक्सी चालवायचा, उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. मृदुला टेप लावत होती आणि सवयीनं विचारत होती. अपघात कसा झाला, कधी झाला. माणूस बोलत राहिला की स्नायू सैल पडतात.

“पुलावर गाडी थांबली जी. आपोआप. काच तडकली अन् गाडी म्हणे मी थांबतो. मधल्या लेनमंदी. मागून ट्रक आला.”

मृदुलाचा हात थांबला. “कुठली गाडी?”

“निवांत.”

“काच कुठून तडकली?”

शेषरावनं हवेत बोटानं रेघ काढली. खाली कोपऱ्यातून तिरकी वर.

“कंपनी म्हणते गोटा लागला. पोलीस म्हणतात तू ब्रेक दाबला. म्या ब्रेकला पाय बी लावला नाही.” त्यानं दुमडलेली विजार गुडघ्याखाली ओढली. “मागच्या सीटवर एक बाई होत्या. शाळेच्या हेडबाई. त्या गेल्या. माझ्यावर केस आहे. मॅडम, पाय गेला त्याचं काही नाही. पण लोक म्हणतात, ठेंगण्यानं बाई मारली. गोटा नव्हता जी.”

“तुमची काच?”

“तिचा चुरा झाला. झाडूनं गोळा केला पोलिसांनी.”

दुसऱ्याच दिवशी मृदुलानं ती गोधडी गाडीत घातली आणि नागपूर गाठलं.

*

डॉ. अनसूया तिडके यांनी तीस वर्षं काचेवर संशोधन केलं होतं. आता निवृत्तीनंतर त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक छोटी चाचणी प्रयोगशाळा चालवत. त्यांनी काच चार दिवस ठेवून घेतली आणि पाचव्या दिवशी मृदुलाला बोलावलं.

“ही काच एक नाही, दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “पातळ पत्रे. वजन कमी करायचं म्हणून. मग ताकद कुठून आणायची? काच रसायनात तापवायची. तिच्यातले सोडियमचे बारके अणू बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे घुसतात. भरलेल्या बाकावर दोन जाडे पाहुणे येऊन बसावेत तसं. पृष्ठभाग दाबला जातो आणि सहजासहजी फुटत नाही. पण त्याची भरपाई आतला भाग करत असतो. आत कायमचा ताण. एकदा का तडा त्या थरापर्यंत पोचला, की मग तो थांबत नाही.”

“आणि पोचतो कसा?”

“ते या दोन काचांच्या मधल्या पडद्यामुळे.” त्यांनी चिमट्यात एक पारदर्शक पापुद्रा धरला. “हा दाबला की वीज निर्माण करतो, आणि वीज दिली की हलतो. म्हणजे हाच कान आणि हाच हात. रस्त्याचा आवाज काचेला हलवतो, पडदा ते ऐकतो आणि काचेला बरोबर उलट्या बाजूला ढकलतो. दोन्ही एकमेकांना मारतात. तुमची ती शांतता.”

मृदुलानं मान हलवली. एवढं गाडी विकणाऱ्यानंही सांगितलं होतं.

“आता झोपाळा आठवा. झोपाळा पुढं येत असताना त्याला मागं ढकललंत तर तो थांबतो. पण तुमचा हात जरा उशिरा पोचला, झोपाळा मागं जायला लागल्यावर, तर?”

“अजून उंच जाईल.”

“हा पडदा डिंकासारख्या एका थरानं चिकटवलाय. काच पासष्ट-सत्तर अंशाला तापली की तो थर मऊ पडतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी तेवढी तापतेच. मग पडद्याला काचेपर्यंत पोचायला वेळ लागतो. किती? सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दीड-पावणेदोन. पण तुमच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर घसरू नये म्हणून चार-चार बोटांवर आडव्या रेघा ओढल्यात. ऐंशीच्या वेगानं गेलं की काच सेकंदाला तीनशे वेळा थरथरते. त्या थरथरीला नेमका तेवढाच उशीर उलटा पडतो. पडदा आवाज मारायचं सोडून काचेलाच हाणत बसतो. वायपरच्या बुडाशी, कडेला, बारीक ओरखडे असतातच. त्यातला एक रोज थोडा-थोडा खोल जातो.” त्यांनी पापुद्रा खाली ठेवला. “कंपनीनं चाचणी घेतली असणार. पण थंड हवेच्या गावी, डांबराच्या रस्त्यावर.”

मृदुलाला एकदम श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. “मी वाहन सुरक्षा समितीकडं तक्रार करते. तिथं हे सांगा ना!”

“हे झालं माझं म्हणणं. पुरावा वेगळा.” तिडकेबाईंनी काचेच्या कोपऱ्यातला तांदळाएवढा काळा ठिपका दाखवला. “काच फुटायच्या आधीच्या वीस मिनिटांतली सगळी कंपनं यात साठतात. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखं. गाडीचा अहवाल यातूनच बनतो, पण तो बनवणारा प्रोग्राम कंपनीचा. त्याला धक्का आणि थरथर यांतला फरक शिकवलेलाच नाही. मूळ कंपनं मी पाहिली. त्यात आघात नाही. शेवटची चार मिनिटं थरथर वाढत गेलीय, बस.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. माणसाच्या आवाजानंही काच थरथरते. म्हणजे यात गाडीतलं बोलणं आहे. नियम असा आहे, की पुरावा द्यायचा तर वीसच्या वीस मिनिटं द्यायची, कुठंही न कापता. आणि ज्यांचा आवाज आहे त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मी बोलणं ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही. पण आलेखावर दिसतं ते सांगते. दोघं आहेत. एक पुरुष, एक बाई.”

“माझे मिस्टर एकटेच होते.”

तिडकेबाईंनी कोऱ्या संमतीपत्राच्या दोन प्रती पुढं सरकवल्या.

*

नागपूर ते चंद्रपूर अडीच तासांचा रस्ता. त्या दिवशी गाडीतली शांतता मृदुलाला सोसवेना. तिनं खिडक्या उघडल्या, गरम वारा तोंडावर घेतला, पुन्हा लावल्या. रेडिओ लावला, बंद केला. ताशी साठच्या वर ती गेली नाही. बावीस वर्षांत दिगंबरनं कधी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता तेच वाईट वाटत होतं. खोटं न बोलणाऱ्या माणसाचं खोटं ओळखायची सवयच नसते.

तो ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत होता. तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले.

“बाई कोण होती गाडीत?”

दिगंबरनं पेनचं टोपण लावलं. “ओवी.”

ओवी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असताना तिनं कॉलेज सोडलं आणि ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गाईड म्हणून नाव नोंदवलं. त्या दिवशी घरात पाहुणे होते. त्यांच्यादेखत मृदुला म्हणाली होती, “जंगल दाखवत फिरायचंय ना? जा. माझ्यापुरती तू संपलीस.” मुलगी गेली. त्याला सव्वा वर्ष झालं होतं.

“बोधल्यांशी बुद्धिबळ?”

“बोधले गेल्या वर्षीच मुलाकडं पुण्याला गेले.” त्यानं चष्मा काढला. “मी मोहर्लीला जातो. त्या दिवशी तिला नागपूरला जायचं होतं, म्हणून हायवेवरच्या जांब फाट्यापर्यंत सोडायला निघालो होतो. काच फुटली आणि ती बसनं पुढं गेली.”

“सव्वा वर्ष तू मला...”

“तू विचारलंस का कधी? ती कशी आहे, जेवते का, एकदा तरी?”

मृदुला खाली बसली. मग तिनं शेषरावबद्दल सांगितलं. पूल, मास्तरीणबाई, केस. दिगंबर ऐकत राहिला.

“माझी सही घे,” तो म्हणाला. “तिची मी आणून देणार नाही. ती त्या गाडीत माझ्याशी बोलली, विश्वासानं. तुझ्याबद्दल बोलली. ते चारचौघांत वाजवायचं असेल, तर तूच तिच्यापुढं जाऊन माग.”

*

मोहर्ली गेटवर सकाळची सफारी साडेनऊला परतली. धुळीनं माखलेल्या सहा उघड्या जिप्सी एकामागून एक बाहेर आल्या. तिसरीतून ओवी उतरली. हिरवट शर्ट, डोक्याला रुमाल, गळ्यात दुर्बीण. काळवंडली होती, खांदे भरले होते. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंना तिनं हात देऊन उतरवलं, आणि मग तिची नजर आईवर पडली.

“बाबांना काय झालं?” हा तिचा पहिला शब्द.

“काही नाही. बरे आहेत.”

चहाच्या टपरीमागं सावलीत दोघी उभ्या राहिल्या. मृदुला कामाचंच बोलली, कारण दुसरं काय बोलावं ते तिला येत नव्हतं. पडदा, उष्णता, शेषराव, सही. ओवी मधेच काही न विचारता ऐकत होती.

“तू ऐकलंस ते?” शेवटी तिनं विचारलं.

“नाही. तुझ्या सहीशिवाय उघडता येत नाही.”

“मग मीच सांगते. मशीनमधून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक.” ओवीनं रुमाल सोडला आणि हातात घट्ट धरला. “मी बाबांना म्हणाले, आईला पाय नसलेली माणसंच आवडतात. जी तिला धरून चालतात. मी माझ्या पायानं चालायला लागले, ते तिला सोसलं नाही.”

टपरीवर कुणीतरी पेला आपटला. मृदुलाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. इतक्या वर्षांत बसवलेले हजारभर पाय, तापलेल्या रस्त्यांवरचे हेलपाटे, सगळं ओठांवर आलं. पण ओवीच्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. त्यात रुमालाचा पिळा झाला होता.

“आण तो कागद,” ओवी म्हणाली. तिनं जिप्सीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. “त्या माणसासाठी करतेय. तुझ्यासाठी नाही.”

“कळलं.”

“आणि त्यानंतर लगेच मी एक विचारलं होतं बाबांना. हा गुणगुण आवाज कसला येतोय म्हणून. त्यांना ऐकू आला नव्हता. तुमच्या कामाचं असेल तर बघा.”

*

वाहन सुरक्षा समितीची सुनावणी नागपूरला जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. लांबट टेबल, चौदा माणसं. एका टोकाला शेषराव नवा पाय सरळ पसरून बसला होता. मृदुलानंच तो बसवला होता. तिडकेबाईंनी आलेख दाखवले, झोपाळा पुन्हा एकदा समजावला. कंपनीचे वकील मोठ्या अदबीनं उठले.

“आलेख वाढतो हे आम्हाला मान्य आहे. पण गाडीत बसलेल्या कुणाला काही जाणवलं का? नसेल, तर ही यंत्रातली चूकही असू शकते.” मग ते मृदुलाकडे वळून हळुवारपणे म्हणाले, “रेकॉर्डिंगमध्ये काही घरगुती भाग आहे असं कळतं. तो वगळायला आमची अजिबात हरकत नाही, ताई. आपल्यालाही अवघडल्यासारखं होणार नाही.”

तिडकेबाई तिच्या कानाशी लागल्या. “एक सेकंद कापलं तरी उद्या हेच म्हणतील, पुरावा कापलेला आहे.”

मृदुलाला ते सांगायची गरज नव्हती. अध्यक्षांनी विचारायच्या आत ती उभी राहिली. “पूर्ण ऐकवा.”

दिगंबर तिच्या शेजारी बसला होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

सोळा मिनिटं नुसत्या गप्पा निघाल्या. अस्वलाची पिल्लं, खोलीतला बंद पडलेला कूलर, बाबांचं कोलेस्टेरॉल. ओवी तीनदा खळखळून हसली. मृदुला ते हसणं विसरून गेली होती. मग ते वाक्य आलं. काचेतून आलेला आवाज थोडा पत्र्यासारखा होता, पण शब्दन् शब्द स्पष्ट. आईला पाय नसलेली माणसंच आवडतात. टेबलाभोवतीची माणसं आपापल्या कागदांत बघू लागली. मृदुलानं मान खाली घातली नाही. मोहर्लीला एकदा ऐकलं होतं, तरी ते आता नव्यानं लागलं, आणि या वेळी तिला ते खोडून काढावंसं वाटलं नाही.

लगेच मागोमाग ओवीचा आवाज, “बाबा, हा गुणगुण आवाज कसला येतोय? भुंगा घुसलाय का?”

“कुठं काय? एसी असेल.”

“एसी नाही. काचेतून येतोय. हात लावून बघा ना, मुंग्या येतायत हाताला.”

चार मिनिटं ती गुणगुण त्यांच्या बोलण्याखाली चढत गेली. मग ‘टिक्’. त्याआधी ना खडा, ना ठोका. शेवटी गाडीचा थंड आवाज, “समोरचं दिसत नाही. गाडी थांबवत आहे.”

शेषरावनं दोन्ही तळवे तोंडावर घेतले होते. वकिलांनी एक टिपण लिहिलं, खोडलं आणि फाइल मिटली.

संध्याकाळी आदेश निघाला. कंपनीनं सगळ्या गाड्यांतले पडदे तातडीनं बंद करायचे, काचा बदलून द्यायच्या. शेषरावच्या खटल्याची कागदपत्रं नव्या अहवालासह पोलिसांकडं परत पाठवायची. खटला मिटायला वेळ लागणार होता, पण ‘बाह्य आघात’ हे दोन शब्द त्या दिवशी खोडले गेले.

बाहेर पायऱ्यांवर शेषराव कठड्याला धरून उतरत होता. मृदुलाचा हात आपोआप पुढं गेला आणि तिनं तो तसाच मागं घेतला. तो एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला आणि खाली पोचल्यावर वळून म्हणाला, “पोरीचं मनावर नका घेऊ मॅडम. लेकरं बोलतात.”

“घेतलंय मनावर,” मृदुला म्हणाली. “घ्यायलाच हवं होतं.”

दिगंबर गाडी आणायला गेला. ती लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा तिनं तो नंबर लावला. पाच वेळा रिंग गेली.

“ऐकलंस?” ओवी म्हणाली.

“ऐकलं. चौदा माणसांबरोबर.”

“मग?”

सकाळपासून मृदुला मनाशी वाक्यं जुळवत होती. आता त्यातलं एकही उपयोगाचं वाटेना. “तू खोटं बोलली नाहीस,” ती म्हणाली. “मला अजून सगळं कळलेलं नाही. पण खोटं नव्हतं ते.”

पलीकडं पाखरांचा कलकलाट चालला होता.

“रविवारी बाबा येणारेत,” ओवी म्हणाली.

“माहितीये.”

“साडेपाचला गेट उघडतं. माझ्या जिप्सीत एक जागा रिकामी आहे.”

“मी पाचलाच येऊन थांबते. डबा आणते तुझा, आणि ती डोक्याला नीट टोपी...”

“आई. साडेपाच. आधी येऊन मला घाई लावायची नाही. डबा नको. आणि आत गेल्यावर मी सांगीन तिकडं बघायचं.”

मृदुलानं बोलायला तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

“बरं,” ती म्हणाली.